भट्टी गार होताना

या जगात तीन गोष्टी कधीही थांबत नाहीत: सूर्य, काळ आणि आमची भट्टी.

हे वाक्य मामांनी बेकरीच्या दर्शनी भिंतीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. भिंतीवर जागा उरली म्हणून त्याखाली ‘कालचा पाव अर्ध्या किमतीत’ हेही आलं, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक तेवढंच वाचायचं. पण बेकरीवाल्याचा त्या वरच्या ओळीवर पूर्ण विश्वास होता. मामा गेले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, परगावी एका गोदामात पोती मोजत होता. मामींनी निरोप धाडला, ‘ये, भट्टी सांभाळ,’ आणि तो एका बॅगेनिशी आला. आल्या दिवशी भट्टी पेटलेली होती. गेली बत्तीस वर्षं त्याने ती तशीच ठेवली. स्वतःचं लग्न त्याने दुपारच्या दोन घाण्यांच्या मधे उरकलं होतं, आणि लग्नाच्या फोटोत त्याच्या डाव्या कानाला पीठ आहे.

उन्हाळा सरत आला होता. झाडांची पानं धुळीने जड झाली होती आणि मळलेलं पीठ ठेवल्या जागी फुगून परातीबाहेर यायला लागलं होतं. अशा एका सकाळी बेकरीवाला भट्टीसमोर उभा असताना मैद्याच्या पोत्यावर तोंडावर पडला. दोन मिनिटांनी उठला, आत राहिलेले दोन ट्रे काढले आणि मग पुन्हा पडला. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“दहा दिवस भट्टीसमोर उभं राहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “दहा दिवस काहीच करायचं नाही.”

“काहीच म्हणजे?”

“काहीच म्हणजे काहीच. झाडाखाली बसा. झोपा.”

“ते ठीक आहे. पण मग दिवसभर करायचं काय?”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे न बघता त्याच्या बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली. अशा माना हलतात तेव्हा पुरुषांचं भवितव्य ठरतं.

पीठ मळणारा गडी वसंतातच बिस्किटांच्या कारखान्यात निघून गेला होता, त्यामुळे बेकरी बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि बेकरी बंद म्हणजे भट्टी बंद. इथेच खरी अडचण होती. भट्टीचा घुमट विटांचा होता, मधे चुना-माती न भरता विटेला वीट टेकवून रचलेला. इतकी वर्षं तापलेला घुमट एकदम गार पडला तर विटा आक्रसतात, एक निसटते आणि मग सगळाच खाली येतो. तसा घुमट बांधणारा माणूस आता हयात नव्हता. म्हणजे घुमट बसला की बेकरी बसली, आणि बेकरी बसली की छप्पन्नाव्या वर्षी बेकरीवाल्याने नोकरीच्या अर्जात लिहायचं काय? ‘उष्णता सहन होते’?

भट्ट्यांची डागडुजी करणारा एक म्हातारा गवंडी होता. त्याला बोलावलं. तो इतका बारीक होता की भट्टीच्या तोंडातून सहज आत गेला असता, आणि त्याचा धंदा त्यावरच चालला होता. त्याने भट्टीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कानाने भिंत ऐकली आणि सांगितलं, “निखारे काढा. तोंडाला पत्रा लावा, मातीने लिंपा. धुराड्याच्या झरोक्यात सात विटा बसवतो. रोज दुपारी एक वीट काढायची. दोन नाही. सातव्या दिवशी सगळ्या निघतील, आठव्या दिवशी मी आत शिरून बघेन.”

“आणि मधे उघडून बघितलं तर?”

“तर मग मी यायची गरज नाही.”

“तडा गेला तर कळेल?”

“आवाज येईल,” गवंडी म्हणाला. “टक् असा. मोठा नाही. तुमच्यासारख्याला ऐकू येईल.”

एवढं सांगून तो गेला, आणि बेकरीवाल्याचे कान जे टवकारले गेले ते आठ दिवस तसेच राहिले.

मामींना सांगायचं कोणी, हाही प्रश्नच होता. मामी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मागच्या खोलीत राहायच्या, दुपारी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून झोपायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांच्या कामातल्या चुका बघायच्या. त्यांच्या नवऱ्याच्या आयुष्यभराची आग विझवायची होती. शेवटी बेकरीवालाच त्यांच्यासमोर जाऊन खाटेच्या कडेवर टेकला.

“मामी, भट्टी बंद करावी लागतेय. दहा दिवस.”

“करा की,” मामी म्हणाल्या. “त्यात काय एवढं.”

बाहेर येऊन तो बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, “फार लागलंय गं त्यांच्या मनाला. दाखवत नाहीत.”

*

पहिल्या दिवशी तो घरामागच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला. विश्रांती ही त्याने कामाच्या पाळीसारखी घेतली: घड्याळ लावून, पाय जोडून, हात मांडीवर ठेवून. दहा मिनिटं झाली की उठायचा.

“कुठे?” खिडकीतून बायको.

“पाणी प्यायला.”

“तांब्या खुर्चीखाली आहे.”

“थंड झालंय का बघायला...”

“पाणी की भट्टी?”

तो बसायचा. बेकरीच्या दाराची किल्ली बायकोने कमरेला खोचली होती आणि वीट काढायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं होतं. दुपारी अडीचला ती स्टुलावर चढायची, एक वीट बाजूला करायची आणि उतरायची. या सबंध प्रकाराला एक मिनिट लागायचं. ते मिनिट बेकरीवाला दाराबाहेर श्वास रोखून काढायचा.

“हळू काढ.”

“काढली.”

“किती?”

“अहो, एक. मला एकपर्यंत मोजता येतं.”

गल्लीतून जाणारे-येणारे त्याच्याकडे टकमक बघायचे. त्यांनी या माणसाला बत्तीस वर्षं काउंटरच्या वरच पाहिलं होतं. “तुम्हाला पाय आहेत होय!” समोरची शिंपीण म्हणाली, आणि ती चेष्टा करत होती की खरंच चकित झाली होती हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्त गुरुजी आले. रोज सकाळी सहाला पहिला पाव नेणारं हे गिऱ्हाईक. बंद फळ्या आणि थंड धुराडं बघून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता. चप्पल काढून, चेहरा लांब करून ते ओसरीवर टेकले.

“फार वाईट झालं,” ते बेकरीवाल्याच्या बायकोला म्हणाले. “कधी गेले?”

“कोण?”

“हेच. यजमान.”

“ते होय. ते आत आहेत, भिंतीला हात लावून उभे आहेत.”

गुरुजींनी आत डोकावून पाहिलं. बेकरीवाला खरोखरच भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभा होता. ही झोपण्याच्या खोलीची भिंत, आणि हिच्या पलीकडे लगेच भट्टी. उन्हाळ्यात तिथे झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. पण बेकरीवाला लग्नापासून त्याच कडेला पाठ लावून झोपत आला होता. पाठीवरून त्याला कळायचं, भट्टीला लाकूड कधी घालायचं.

“कोमट झाली,” तो गुरुजींना म्हणाला.

“आहात ना, मग झालं तर,” गुरुजी म्हणाले. त्यांना जरासा अपेक्षाभंग झाल्यासारखं वाटलं. “पण सकाळचं आम्ही खायचं काय?”

तिसऱ्या रात्री भिंत इतकी निवली की बेकरीवाल्याने ब्लँकेट मागितलं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, बायको वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती आणि शेजारी हा माणूस गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून डोळे टक्क उघडे ठेवून पडला होता.

“झोपा हो.”

“तू झोप. दोघेही झोपलो आणि आवाज झाला तर?”

“आवाज झाला तर तुम्ही काय करणार आहात?”

उघडून पाहिलं तर घुमट जाणार. न पाहिलं तर गेला की राहिला हे कळणार नाही. आयुष्यभर ज्याच्या तोंडात रोज पंचवीस वेळा डोकं घातलं, त्याच्या तोंडाला माती फासून बाहेर बसायचं होतं. जिना करकरला की तो दचकायचा. खिडकीचं दार वाऱ्याने आपटलं की त्याचा हात छातीकडे जायचा. चौथ्या दिवशी बायकोच्या हातून चमचा पडला तेव्हा तो पानावरून उठला. डॉक्टरीणबाईंनी ही विश्रांती पाहिली असती तर त्यांनी त्याला भट्टीसमोर परत पाठवला असता.

“तुम्ही बसून जेवढे दमलात, तेवढे उभे राहून कधी दमला नव्हतात,” बायको म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. पोत्यावर तोंड खुपसून पडलेला नवरा तिने पाहिला होता. त्या टक् आवाजाची भीती तिलाही होती, पण तो भट्टीतून येईल अशी नव्हे.

*

पाचव्या दिवशी मात्र शरीराने त्याचं ऐकलं नाही. दुपारचं जेवण झाल्यावर तो जरा पाठ टेकायला म्हणून आडवा झाला आणि दगडासारखा झोपला. घोरला. तोंड उघडं टाकून, एक हात खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपला. बायकोने दोनदा येऊन छाती वरखाली होतेय ना ते पाहिलं. अडीचला तिने बेकरीचं कुलूप काढलं, पाचवी वीट बाजूला केली; एवढ्यात बाहेरून गुरुजींनी हाक मारली. आज ते कालच्या पावाचं काही उरलंय का विचारायला आले होते. कालचा पाव असायला काल पाव व्हावा लागतो, हे त्यांना समजावून सांगायला ती ओसरीवर गेली. दार उघडंच राहिलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी बेकरीवाला उठला. उठला म्हणजे त्याचे पाय उठले. दुपारची भट्टी साडेतीनला भरायची असते, आणि त्याआधी आतली फरशी पुसून घ्यायची असते. बांबूच्या टोकाला बांधलेलं पोतं पाण्यात बुडवायचं आणि आतून एक हात फिरवायचा. हे काम त्याने तेवीस हजार वेळा तरी केलं असेल; त्यासाठी जागं असण्याची गरज कधीच पडली नव्हती. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली होती, आणि त्या झोपेने त्याला सरळ कामावर नेऊन उभं केलं.

त्याने खुरप्याने लिंपलेली माती खरवडली. पत्रा बाजूला उभा केला. टाकीत पोतं बुडवलं. निथळत्या पोत्यासह बांबू आत सारला.

चर्रर्र झालं. तोंडावर वाफ आली.

आणि मग आतून, वरून कुठूनसं, टक्.

मोठा नाही. पण त्याच्यासारख्याला ऐकू येईल एवढा.

तो जागा झाला तेव्हा बांबू त्याच्या हातात होता. पाच-दहा सेकंद तो तसाच उभा राहिला, पुन्हा झोप लागेल आणि हे स्वप्न ठरेल म्हणून वाट बघितल्यासारखा. मग त्याने बांबू ओढून काढला, पत्रा लावला, कोपऱ्यातली माती टाकीच्या पाण्यात कालवून दोन्ही हातांनी कडा लिंपल्या. बायको दारात आली.

“कसला आवाज झाला?”

“कुठे काय?”

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत माती. मग पोत्याकडे पाहिलं. पोतं अजून वाफाळत होतं. तिने दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खोचली. संध्याकाळी पान वाढेपर्यंत ती बोलली नाही, आणि हे बेकरीवाल्याला त्या टक्पेक्षा जड गेलं.

“पोतं ओलं कसं झालं?” तिने पहिला घास व्हायच्या आत विचारलं.

त्याने सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“म्हणजे झोपेत?”

“झोपेत.”

“गाढ?”

“अगं, गाढ म्हणजे काय! लग्नानंतर पहिल्यांदा इतका...” तो थांबला. “घुमट गेला. मी स्वतःच्या हाताने घालवला. मामांनी एवढी वर्षं राखला, मी बत्तीस वर्षं राखला आणि झोपेत घालवला.”

“दोन तास झोपलात,” बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशासाठी हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. “दोन तास. मी घड्याळात बघत होते.”

मामी भिंतीशी बसून सावकाश जेवत होत्या.

“पोतं घातलं?” त्यांनी विचारलं. “पिळून घातलंस का?”

“नाही मामी.”

“पिळून घालावं.”

बस, एवढंच. बेकरीवाल्याला गहिवरून आलं. घरात एवढा अनर्थ झाला, आणि म्हातारी अजून पोतं कसं पिळावं ते शिकवतेय. बिचारीला काही उमगतच नाहीये.

सहावी वीट निघाली. सातवी निघाली. बेकरीवाला आता भिंतीला हात लावत नव्हता. झाडाखाली शहाण्यासारखा बसत होता, जेवत होता, विचारलं तर उत्तर देत होता. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सुंदर विश्रांती घेतोय हा माणूस. मनात तो बेकरीतलं सामान कोणाला देऊन टाकायचं याची वाटणी करत होता. परात शिंपिणीला, तिला कपडे भिजवायला होईल. भिंतीवरच्या ओळीचं काय करावं हे ठरत नव्हतं.

“गोदामात पोती मोजणारे अजून ठेवतात का?” त्याने सातव्या दिवशी संध्याकाळी बायकोला विचारलं.

“घुमट गेला असेल तर गेला,” ती म्हणाली. “आपण दोघं बघू. पण त्यापायी तुम्ही जायचं नाही. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.”

*

आठव्या दिवशी सकाळी गवंडी आला. पत्र्याभोवतीची माती बघून त्याने भुवया उंचावल्या.

“हे मी लिंपलेलं नाही.”

“नाही,” बेकरीवाला म्हणाला.

असली लिंपणं गवंड्याने बऱ्याच घरांतून पाहिली असावीत. त्याने पत्रा काढला, सदरा काढून खुंटीला लावला, दातांत टॉर्च धरला आणि भट्टीच्या तोंडातून आत सरकला. आधी खांदे गेले, मग कंबर, मग पाय. शेवटी फक्त दोन तळपाय दिसायचे राहिले. बेकरीवाला त्या तळपायांकडे बघत उभा होता. बायकोने त्याचा दंड धरला होता. मामीही आज मागच्या खोलीतून काठी टेकत आल्या होत्या आणि मैद्याच्या पोत्यावर बसल्या होत्या.

आत बोटांनी टकटक केल्याचा आवाज येत होता. एका जागी टकटक, मग पुढच्या जागी. मग तो थांबला. तळपाय हललेच नाहीत.

“आहे का?” बेकरीवाल्याने विचारलं.

“दम धरा,” आतून आलं.

बायकोची नखं त्याच्या दंडात रुतली होती. त्याला त्याचं काही नव्हतं. छातीत जे चाललं होतं त्यापुढे ती नखं म्हणजे आराम होता.

“तडा आहे,” आतून आलं.

बेकरीवाला खाली बसला. पडला नाही, बसला. बायकोने तसा बसवला. गवंडी उलटा सरकत बाहेर आला. अंगावर काजळी, हातात काहीतरी. त्याने हात पुढे केला. तळहातावर भाजक्या मातीची बशीएवढी खपली होती.

“वरची एक खपली सुटून फरशीवर पडलीये. मधे टक् ऐकू आलं असेल तर तो आवाज हिचा,” तो म्हणाला. “विटा जागच्या जागी आहेत. तडा जुना आहे, त्यात काजळी बसून काळा पडलाय. आणि कोणीतरी तो आतून बुजवलाय, मातीने. एकदा नाही. थरावर थर आहेत, मी पंधरा मोजले. हे बघा, बोटांचे ठसे.”

ठसे होते. जाड बोटाचे, ओळीने चार.

“मामांची बोटं,” बेकरीवाला म्हणाला. मग त्याच्या डोक्यात पुढचं आलं. “पण आत शिरायचं तर भट्टी...”

“गार पाहिजे,” गवंडी म्हणाला. “चांगली आठ दिवस गार. आणि पंधरा थर म्हणजे पंधरा वेळा.”

सगळे मामींकडे वळले. मामी पोत्यावर बसून काठीच्या टोकाने फरशीवर सांडलेला मैदा एका जागी गोळा करत होत्या.

“उन्हाळा सरताना,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी. आठ दिवस. या दिवसांत पीठ हाताबाहेर जातं, पाव आंबट होतो. मग करायचे बंद.”

“पण पाव? लोक रोज पाव नेत होते ना!”

“पलीकडच्या गावाहून यायचा, अंधार असताना. गुरुजी म्हणायचे, या आठवड्यात हात काय छान बसलाय तुमचा.”

“आणि धुराडं?”

“मागे मी ओला पाला जाळायचे. खोकून खोकून जीव जायचा.”

“आणि मामा? मामा काय करायचे आठ दिवस?”

“झोपलेले असायचे.”

बत्तीस गुणिले आठ, हा हिशेब बेकरीवाल्याच्या डोक्यात सुरू झाला होता आणि तो थांबवणं जमत नव्हतं.

“मामी, मला बोलला का नाहीत कधी?”

मामींनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मला वाटलं, तुला आवडतं,” त्या म्हणाल्या.

गवंड्याने खपली कोपऱ्यात टाकली आणि अर्धी बादली माती मागितली.